सासूबाईंचा नमस्कार

मला क्षमा करायला जमत नाही. पुरणपोळीही जमत नाही, पण त्याबद्दल मला कुणी उपदेश करत नाही. क्षमेबद्दल मात्र येणारा-जाणारा शिकवून जातो. "सोड गं, जाऊ दे, मन मोठं कर." माझं मन आहे त्या मापाचं आहे आणि मला ते पुरतं. न्यूझीलंडमधल्या एका लहान जिल्ह्यात मेयरपदाची पोटनिवडणूक झाली, तिच्यात एक माणूस पडला. तो पडावा म्हणून मी जे जे केलं ते हौसेने केलं, आणि तेच सांगायला बसले आहे.

आम्ही मूळचे पुण्याचे. न्यूझीलंडला आल्यावर सुरुवातीची काही वर्षं ऑकलंडमध्ये, माउंट रॉस्किलच्या एका भाड्याच्या घरात काढली. मग मला दक्षिणेला दोन तासांवरच्या एका गावात फार्मसीत नोकरी मिळाली, नवऱ्याला तिथल्याच दुधाच्या कारखान्यात इंजिनियरची, आणि आम्ही बाडबिस्तरा उचलला. गाव म्हणजे एक लांब रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, आणि त्यांच्या मागे गवत आणि गायी. कारखान्यामुळे आणि हॉस्पिटलमुळे मराठी घरं मात्र चांगली जमली होती. नर्स होत्या, डॉक्टर होते, बाकी सगळे इंजिनियर. डाळ-तांदूळ आणायला महिन्यातून एकदा गाडी काढून ऑकलंडला, सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत जायचं, बाकी इथेच सुखाने राहायचं.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे कायमच्या आल्या. त्यांना रेसिडेन्सी मिळाली, इंग्रजी मात्र त्यांनी घेतलं नाही. "मला काय नडलंय?" म्हणायच्या. रोज सकाळी त्या रस्ता ओलांडून समोरच्या डेअरीत दूध आणायला जात. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. ते एका गुजराती बाईंचं होतं आणि दोघींचं हिंदीत तासभर चालायचं. घरात दुधाचे डबे पडलेले असले तरी सासूबाई जायच्याच. तेवढंच त्यांचं बाहेरचं जग होतं.

त्या रस्त्यावरून दुधाचे टँकर सुसाट जायचे, आणि ओलांडायला पट्टे-बिट्टे काही नव्हते. एका सकाळी एका यूटने, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्या गाडीने, सासूबाईंना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. गाडी चालवणारा रस्त्यावर बसून रडत होता. सूर्य त्याच्या डोळ्यांवर आला होता, त्याचा मला कधी राग आला नाही. राग यायचा तो पुढेच होता.

सासूबाई व्हीलचेअरवर बसू लागल्या तेव्हा मी ठरवलं, आपण कौन्सिलकडे जायचं आणि रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग मागायचं. तिथे सभेच्या सुरुवातीला कुणीही रहिवासी उठून पाच मिनिटं बोलू शकतो. मी दोन रात्री जागून भाषण बसवलं, रस्त्याचे फोटो काढले, चांगली कॉटनची साडी नेसले आणि सासूबाईंनाही सोबत नेलं. लोकांनी त्यांना बघावं असा माझा डाव होता.

मेयर आजारी होते. त्यांच्या खुर्चीत डेप्युटी मेयर बसला होता. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा माणूस, उंच, लाल गळ्याचा, आवाज असा की माइक नको. दर गुरुवारी दिवसभर गायींच्या किमती ओरडायचा आणि बाकीचे दिवस कौन्सिल चालवायचा. त्याच्यापुढे टेबलावर एक पितळी घंटा होती. मी बोलायला लागले. टँकरचं बोलले, शाळेच्या मुलांचं बोलले, आणि सासूबाईंकडे हात करून त्यांच्या खुब्याचं सांगायला लागले, तेवढ्यात याने घंटा वाजवली. माझी वेळ संपली नव्हती. भिंतीवर घड्याळ होतं, मला दिसत होतं. मी म्हटलं, "सॉरी, माझी अजून दोन मिनिटं..." तो म्हणाला, "मॅडम, वेळ संपली." आणि मग सासूबाईंकडे बघून हसत म्हणाला, "मला ठाऊक आहे, तुमच्या देशात गाय रस्त्यात आली की सगळे थांबतात. इथे आम्ही गायींना कुंपणाच्या आत राहायला शिकवतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सभागृह हसलं. सगळेच दुष्ट होते असं नाही, काहीजण नुसतेच हसले, पण हसले. सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्यांना वाटलं, साहेबाने आपली विचारपूस केली, काहीतरी छान बोलला. त्याही हसल्या. आणि व्हीलचेअरमध्ये जमेल तेवढं पुढे वाकून त्यांनी त्याला दोन्ही हात जोडले. पुन्हा हशा झाला.

मी खाली बसले. उठून चार शब्द सुनवायला हवे होते, पण त्या घंटेने माझी वाचाच बसली.

गाडीत सासूबाई खुशीत होत्या. "भला माणूस दिसला. काय म्हणाला गं तो?"

नवरा गाडी चालवत होता. त्याने आरशातून मला खूण केली, सांगू नकोस. पण मी म्हटलं, हसणारे चाळीस लोक आणि ज्यांच्यावर हसले त्यांनाच माहीत नाही, असं का? मी सगळं सांगितलं, गायीसकट.

घर आलं. मी त्यांना उतरवायला लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "मी त्याला नमस्कार केला गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांच्या साहेबाला नाही कधी केला मी. आणि या मेल्याला केला."

"जाऊ दे आई," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. जाऊ देणाऱ्या घरातली नाही मी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला तो नमस्कार परत पाहिजे. कसा ते मला माहीत नाही. पण परत पाहिजे."

सासू-सून म्हणून आमचं तोवर बरं-वाईट जसं असतं तसंच होतं. मीठ जास्त, कपडे तोकडे, सगळं झालेलं होतं. पण त्या संध्याकाळी मी त्यांना शब्द दिला, आणि त्या दिवसापासून आमचं जे जमलं ते जमलंच. एका शत्रूने जेवढं जुळतं तेवढं दहा सणांनी जुळत नाही.

तो माणूस माझ्याच फार्मसीत औषधाला यायचा. काय औषध ते सांगणार नाही, धंद्याची शपथ आहे. त्याच्या गोळ्यांत मी कधी कुचराई केली नाही, उलट जास्तच काळजी घेतली. माझ्या हातून त्याला साधं पित्त झालं असतं तरी लोक म्हणाले असते बघा. पण "पाच मिनिटं बसा" म्हणून त्याला बसवून ठेवायचे आणि सावकाश काम करायचे. त्याने मला ओळखलंच नाही. एकदाही नाही. त्याचा मला गायीपेक्षा जास्त राग आला. मला भरसभेत खाली बसवलं आणि चेहराही लक्षात ठेवला नाही!

मग त्या हिवाळ्यात मेयरची तब्येत आणखी बिघडली आणि त्यांनी राजीनामा दिला. पोटनिवडणूक जाहीर झाली. डेप्युटी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलाच होता, आठवड्यात गावभर त्याच्या थोबाडाचे बोर्ड लागले. त्याच्याविरुद्ध एकच उमेदवार उभी राहिली, गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्या फार्मसीत आल्या तेव्हा मी विचारलं, क्रॉसिंगचं काय? त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं मुलांना हाताला धरून तो रस्ता ओलांडून दिलाय. मला विचारता?" माझं मत तिथेच ठरलं. तसं खरं सांगायचं तर त्यांच्या जागी कारखान्याचा वॉचमन उभा असता तरी ठरलंच असतं.

रात्री मी आमच्या मराठी मंडळाच्या बायकांना फोन करायला सुरुवात केली. आणि कपाळावर हात मारून घेतला. निम्म्या घरांनी मतदारयादीत नावच नोंदवलेलं नव्हतं. "अगं, आमचा पासपोर्ट अजून इंडियन आहे ना, आपल्याला कुठलं मत?" इथे रेसिडेन्सी असेल आणि देशात एक वर्ष राहिला असाल तर मत देता येतं, सिटिझन असायची गरज नाही. हे कुणाला ठाऊकच नाही! डॉक्टरीणबाई सुद्धा, ज्या मला प्रत्येक गोष्टीत "ॲक्च्युअली" म्हणून दुरुस्त करतात, त्या म्हणाल्या, "खरंच?" मग मी नावनोंदणीचे कागद पोस्टातून आणले आणि घरोघर फिरले. सासूबाईंचं नाव सगळ्यात आधी घातलं. त्यांनी सही मराठीत केली, ठळक, नांगरल्यासारखी.

गणपती आले. आम्ही गावातला हॉल भाड्याने घेतो. पहिल्याच संध्याकाळी आरती संपते न संपते तोच डेप्युटी दारात हजर, गळ्यात कुठून तरी मिळवलेला भगवा शेला. दोन्ही हात जोडून "नमस्ते, नमस्ते" करत हॉलभर फिरला. मोदक खाल्ला, "स्वीट ॲज!" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. आमच्यातलेच दोघे-तिघे त्याच्याबरोबर फोटो काढायला धावले, त्यांची तोंडं मी लक्षात ठेवली आहेत. फिरत फिरत तो सासूबाईंपुढे आला. त्या आता काठी घेऊन चालायला लागल्या होत्या, खुर्चीत बसल्या होत्या. त्याने हात जोडले, मान झुकवली. सासूबाईंनी काठीवरचे हात हलवले नाहीत. त्याच्या पोटाकडे बघत राहिल्या.

तो पुढे गेल्यावर नवरा कानाशी म्हणाला, "आई, आला की परत. झालं ना आता?"

"हा मतासाठीचा," सासूबाई म्हणाल्या. "असे तो दिवसाला शंभर वाटतोय. माझा खरा होता."

गणपती गेले आणि मतपत्रिकांची पाकिटं आली. इथे मत पोस्टाने द्यायचं असतं. नावापुढे टिक करायची, पाकीट बंद करायचं, पेटीत टाकायचं. गावात एरवीही या निवडणुकीला कुणी विचारत नाही, आणि त्यात रग्बीचा वर्ल्ड कप चालू. अर्ध्या गावाची पाकिटं पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जाणार हे दिसतच होतं. म्हणजे आमची मराठी मतं सोन्याची. मी खुशीत एकेकीला विचारत सुटले, "टाकलंस का गं?"

एकीनेही टाकलेलं नव्हतं. सगळ्यांची पाकिटं फ्रिजवर मॅग्नेटखाली.

"पितृपक्ष चालू आहे ना," नर्स मैत्रीण म्हणाली. "घटस्थापना झाली की टाकते. बाईंना यश यायला पाहिजे, तर चांगल्या दिवशी टाकायला नको?"

मी म्हटलं, अगं बाई, मतदान पुढच्या शनिवारी दुपारी संपतंय, आणि घटस्थापना त्याच्यानंतरच्या मंगळवारी! त्यावर ती म्हणाली, "मग निदान सर्वपित्रीला तरी..." सर्वपित्रीही शनिवारनंतरच! डॉक्टरीणबाईंकडे गेले. "ॲक्च्युअली माझा विश्वास नाही गं," त्या म्हणाल्या, "पण माझ्या सासूबाईंना पुण्याला कळलं तर उगाच." मी ओरडले, समजावलं, नवऱ्यांना मधे घातलं. काही उपयोग झाला नाही. ज्या बायका भर हॉस्पिटलात माणसाचं हृदय बंद पडलं तर छातीवर बसून चालू करतात, त्या एक पाकीट पेटीत टाकायला मुहूर्त बघत होत्या. घरी येऊन मी सासूबाईंपुढे रडले. त्याला घरबसल्या मेयर करतायत आपल्याच बायका, म्हटलं. त्यांचंही पाकीट देवघरात समईशेजारी ठेवलेलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "रविवारी यांची तिथी आहे. सगळ्यांना जेवायला बोलाव."

रविवारी सासऱ्यांच्या श्राद्धाला घर भरलं. तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं सासूबाईंनी उभं राहून करून घेतलं. पान वाढून नवऱ्याने ते मागच्या कुंपणाच्या रुंद खांबावर नेऊन ठेवलं. आमच्या गावात कावळे नाहीत. मॅग्पाय आहेत, काळे-पांढरे, उद्धट, आणि दरवर्षी तेच आमचे पितर होतात. एरवी पान ठेवायचा अवकाश की तुटून पडतात. त्या दिवशी मात्र एक मॅग्पाय समोरच्या झाडावर येऊन बसला आणि बसूनच राहिला.

लोक ताटकळले. खिरीवर साय धरली. माझी लेक म्हणाली, "आजी, मे बी इट्स नॉट हंग्री." कुणीतरी हसलं.

सासूबाई काठी टेकत अंगणात गेल्या. कुंपणाजवळ उभ्या राहिल्या आणि झाडाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमचं कशात अडकलंय ते मला माहीत आहे. त्या माणसाला मी हात जोडले आणि त्याने मला गाय म्हटलं. भरसभेत. तुमच्या बायकोला." ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी होती कुठे? "तो माणूस या गावाचा मुख्य होणार नाही. मी शब्द देते. आता जेवा."

असं वचन खरं तर दहाव्याला देतात, कावळा पिंडाला शिवेना झाला की. पण सासूबाईंशी शास्त्राचा वाद कोण घालणार? मॅग्पायने मान वाकडी केली, पंख झटकले आणि थेट येऊन वडा उचलला.

नर्स मैत्रिणीच्या अंगावर काटा आला, तिने हात पुढे करून दाखवला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच "ॲक्च्युअली" म्हणाल्या नाहीत. जेवणं झाली, बायका निघायला लागल्या, तशी नर्स चाचरत म्हणाली, "पण आई, पितृपक्षात पाकीट..."

"शुभकार्याला वर्ज्य," सासूबाई म्हणाल्या. "आपण कुठे शुभकार्य करतोय? आपल्याला एकाला पाडायचंय. पाडायला याच्याइतका चांगला पंधरवडा वर्षात नाही."

मी एवढी शिकलेली, पण ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. रात्री नवरा भांडी पुसताना काळजीत पडला. मतदारांना खाऊपिऊ घालणं हा इथे गुन्हा आहे म्हणे, खीर त्यात धरतील का? मी म्हटलं, जेवायला घातलं ते तुझ्या वडिलांच्या नावाने, कायद्याला त्यांना विचारू दे.

सोमवारी सकाळी पोस्टाच्या पेटीपाशी बायका जमल्या. पेटी डेअरीशेजारी, म्हणजे रस्त्यापलीकडे. नर्स गणवेशातच ड्यूटीवर जाता जाता आली होती. सासूबाईंनी अपघातानंतर पहिल्यांदा तो रस्ता ओलांडला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, आणि तिने टँकरला असा हात दाखवला की टँकर थांबला. सासूबाईंनी आपलं पाकीट पेटीत सरकवलं आणि वरून दोन थापट्या मारल्या, कणकेच्या डब्यावर मारतात तशा.

शनिवारी दुपारी कौन्सिलने निकाल टाकला. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. डेप्युटी पडला. किती मतांनी? गणपतीला आमच्या हॉलमध्ये जेवढी माणसं असतात, त्याहून कमी मतांनी. मी किंचाळले. नवरा धावत आला, त्याला वाटलं भाजलं. मी त्याला धरून ओट्यापुढे गिरकी घेतली आणि त्याच पावली गाडी काढायला लावून सँडरिंगहॅमला गेलो, पेढे आणायला. सर्वपित्री तोंडावर आणि ही बाई पेढे वाटतेय असं कुणी म्हटलं असेल तर म्हणो. मी दारोदार वाटले. ज्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले होते त्यांच्या घरी तर आधी गेले.

तो गावात सांगत फिरला म्हणे, बाहेरून आलेल्यांनी गठ्ठ्याने मतं घातली. घातली! पुढच्याच आठवड्यात तो औषधाला आला. मी पुडकं हातात देत म्हटलं, "बॅड लक." इतकं गोड मी लग्नात उखाणा घेतानाही बोलले नसेन. त्याने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. मी हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

घरी सासूबाईंनी पेढा हातात घेतला आणि परत ताटलीत ठेवला.

"पडला, बरं झालं," त्या म्हणाल्या. "शब्द राहिला. पण नमस्कार कुठाय माझा?"

माणसाला पाडता येतं, हात कसे जोडायला लावणार?

नव्या मेयरबाईंनी क्रॉसिंग करायला दोन वर्षं लावली. मोजणी, हरकती, पुन्हा मोजणी. मी दर महिन्याला त्यांच्या मानगुटीवर बसायचे. पण झालं. डेअरीसमोर पांढरे पट्टे आले, दोन्ही टोकांना नारिंगी दिव्यांचे खांब आले. सासूबाईंचं दूध पुन्हा सुरू झालं. आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की गुरुवारी त्यांना यायला फार वेळ लागतो.

एका गुरुवारी सकाळी फार्मसीत जाण्याआधी मी थांबून बघितलं. सासूबाई पिशवी घेऊन क्रॉसिंगच्या टोकाला उभ्या होत्या. गाड्या त्यांच्यासाठी थांबत होत्या, ड्रायव्हर हाताने "या" म्हणत होते, आणि या त्यांना "जा, जा" करत होत्या. मग गुरांच्या बाजाराकडे जाणारी पांढरी यूट आली. त्याची. सासूबाईंनी पदर खोचला आणि पट्ट्यांवर पाय ठेवला.

काय चालल्या! काठी, पाऊल, श्वास. काठी, पाऊल, श्वास. मधोमध थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मागे सहा-सात गाड्या लागल्या, त्यांत टँकर, कुणीतरी हॉर्न वाजवला. लिलावाची वेळ झालेली. त्याच्या गळ्याचा रंग मला इतक्या लांबून दिसत होता. सासूबाई पलीकडे पोचल्या, वळल्या आणि, काहीतरी विसरल्यासारखं करून, परत निघाल्या. आमच्या देशात थांबतात तसे सगळे थांबले होते.

हे किती गुरुवार चाललं होतं कुणास ठाऊक. त्याने वाट बदललीही असती, पण बाजाराला जायला दुसरा रस्ता नाही.

मग एका गुरुवारी सासूबाई मधोमध थांबल्या असताना त्याने काच खाली केली. मी फुटपाथवरच होते. मला वाटलं आता शिव्या देणार. पण नाही. त्याने सासूबाईंकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्याला आठवलं असावं. कारण त्याचा चेहरा बदलला. त्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले, छातीशी जोडले आणि मान खाली घातली. आजूबाजूला मत मागायला कुणी नव्हतं.

सासूबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मान हलवली, दुकानदाराने सुटे परत दिल्यावर हलवतात तशी. मग काठी उचलली आणि भराभरा पलीकडे गेल्या. इतक्या भराभर त्यांना चालता येतं हे मलाही माहीत नव्हतं.

"आला," घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या. देवघरात दिवा लावला आणि चहाला साखर जास्त घातली. त्यानंतर गुरुवारी त्या दुधाला गेल्या नाहीत. आठवड्यातले बाकीचे दिवस जातात.

त्यांचा परत आला. पण माझी भाषणातली दोन मिनिटं त्याच्याकडेच होती. भिंतीवर घड्याळ असताना त्याने घंटा वाजवून मला खाली बसवलं होतं, ती मिनिटं मला कुणी परत केली नव्हती.

पुढच्या गुरुवारी मी फार्मसीत उशिरा येते म्हणून सांगितलं, सासूबाईंची पिशवी घेतली आणि क्रॉसिंगच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पांढरी यूट आली. मी पट्ट्यांवर पाय ठेवला, मधोमध गेले, त्याच्या गाडीसमोर खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडली. नीट सोडली, दोन्ही बुटांची. मग बांधायला घेतली.